अॅम्बॅसेडर १४८९ पेट्रोल: टॅपेट सेट करूनही टिकटिक जात नाही

रस्त्याचा राजा

गाडी १९७२ ची मार्क टू, १४८९ सीसी पेट्रोल, इंजिन मूळचंच. आयडलिंगला एकसारखी टिकटिक येते. रेस दिली की टिकटिक जलद होते, आणि चाळीसच्या पुढे बाकीच्या आवाजात मिसळते. बॉनेट उघडून ऐकलं तर डाव्या बाजूने, पुढच्या अर्ध्या भागातून येतेय असं वाटतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप, थंड इंजिनवर पंधरा थाऊला, म्हणजे ०.०१५ इंचाला सेट आहेत. ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल. ऑइलचा दिवा वेळेत विझतो, धूर नाही, पिकअप ठीक.

गॅरेजवाल्यांचं मत, "बेरिंग वाजतंय, हाफ इंजिन करून टाका", म्हणजे इंजिन अर्धं खोलून बेरिंगं बदला. चेंबर (तळाची ऑइलची टाकी) उतरवण्याआधी आवाज नक्की कशाचा हे ठरवायचं आहे. तपासणी कोणत्या क्रमाने करावी? दुसऱ्या जुन्या गाड्यांचे आवाज माहीत असतील तर तेही लिहा.

घाटवाट

बेरिंग टिकटिक करत नाही, ठोकतं. एवढ्यावरून हाफ इंजिन करू नका.

पुशरॉड

घाटवाट यांच्याशी सहमत, पण नुसत्या कानावर सोडू नका. आधी तीन गोष्टी सांगा, मग पुढे बोलू.

१. आवाज थंड इंजिनवर जास्त की गरम झाल्यावर?
२. चढावर, लोडवर वाढतो का? की ॲक्सिलरेटर सोडल्यावर?
३. क्लच दाबल्यावर काही फरक पडतो का?

थंड असताना मोठा आणि पाचेक मिनिटांत कमी होणारा आवाज बहुधा पिस्टनचा असतो. बोअर झिजलेला, पिस्टन आत डुलतो, गरम होऊन फुगला की जागा भरते. उलट गरम झाल्यावर वाढणारा आवाज बेरिंगचा, कारण ऑइल पातळ होतं आणि दाब उतरतो. लोडवर "ठक-ठक-ठक" करणारं बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेरिंग असतं. सुरू करताना आणि जोरात रेस दिल्यावर खालून "धड्" असा जड आवाज आला तर मेन बेरिंग, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो ते. थंड-गरम, लोड-बिनलोड काहीच फरक नसेल तर वरच्या भागाकडे, रॉकर-व्हॉल्व्हकडे बघायचं.

क्लचचं उत्तर वेगळ्या कारणासाठी हवंय. दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेरिंग, दाबल्यावर बंद झाली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेरिंग. आणि क्लच दाबल्यावर इंजिनचा ठोकाच बदलला तर क्रँक पुढेमागे सरकतोय, थ्रस्ट वॉशर संपलेत.

चिंचगूळ

लांब पेचकस घ्या, टोक इंजिनला, मूठ कानाच्या हाडाला. सगळं कळतं.

फीलरगेज

पेचकसाने जागा कळते, कारण कळत नाही. लोखंडातून आवाज लांबवर जातो. पहिल्या सिलिंडरच्या रॉकरचा आवाज टायमिंग कव्हरवर पण ऐकू येईल. त्यामुळे एकाच जागी न ऐकता दोन-तीन जागांची तुलना करायची: रॉकर कव्हरचे नट, ब्लॉकची बाजू, चेंबरची कड, टायमिंग कव्हर, वॉटर पंपाची बॉडी, डायनॅमोची दोन्ही टोकं. सर्वात तीक्ष्ण जिथे, तिथून शोध सुरू. पंख्यापासून हात, बाही आणि ओढणी दूर. या गाडीला पंखा थेट वॉटर पंपावर आहे, इंजिन चालू की पंखा चालूच.

त्याआधी फॅन बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवा. जास्त नको, पाणी फिरत नसतं. आवाज गेला तर पंप किंवा डायनॅमो. डायनॅमोच्या मागच्या टोकाला ऑइल टाकायला भोक असतं, तिथे दोन-तीन थेंब इंजिन ऑइल द्यायचं असतं. ते कुणी देत नाही, बुश कोरडा होतो आणि करकरतो.

बेल्ट काढलेला असताना क्रँकची पुली हाताने हलवून बघा. पुलीचा नट ढिला असेल तर मेन बेरिंगसारखा हुबेहूब ठोका येतो. या एका नटापायी विनाकारण इंजिनं खोलली गेली आहेत.

रस्त्याचा राजा

बेल्ट काढून चालवलं, टिकटिक तशीच. पुली घट्ट आहे. थंड-गरम फारसा फरक नाही. लोडवर वाढत नाही. क्लचचा काही संबंध नाही.

पुशरॉड

मग तळातली बेरिंगं बरीचशी सुटली. तरी गॅरेजवाल्यांना दाखवायला प्लग शॉर्ट करण्याची चाचणी करा.

इंजिन बंद करा. पहिल्या प्लगची केबल काढून तिचं टोक क्लिप लावून ब्लॉकला अर्थ करा. केबल लोंबती ठेवू नका, स्पार्कला वाट मिळाली नाही तर कॉइलवर ताण येतो. इंजिन सुरू करा, ऐका, बंद करा, केबल परत लावा, पुढचा सिलिंडर. चालत्या इंजिनवर हाताने केबल उपटायला जाऊ नका, झटका चांगलाच बसतो.

ज्या सिलिंडरचा स्फोट थांबवल्यावर ठोका जवळजवळ जातो, त्याचं बिग एंड किंवा पिस्टन. मेन बेरिंगचा ठोका शेजारचे दोन सिलिंडर एकत्र बंद केल्यावर मंदावतो. गजन पिनची (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) खूण वेगळी: आयडलिंगला "टक्-टक्" असा जोडीचा धातूचा आवाज, आणि त्या सिलिंडरचा प्लग बंद केला की तो जास्त उघडा पडतो. १४८९ मध्ये पिन कनेक्टिंग रॉडच्या छोट्या टोकाला बोल्टने आवळलेली असते, त्यामुळे झीज पिस्टनच्या भोकांत होते. रॉकर-व्हॉल्व्हच्या आवाजाला प्लग बंद-चालूने काहीही होत नाही.

वाटसरू

वाचनखूण साठवली. पुशरॉड, तुमच्या नावावरूनच खात्री पटली होती :)

गॅरेज_सातारा

एवढं करण्यापेक्षा जाड ऑइल टाका, वरून एखादं ॲडिटिव्ह. आवाज बसतो. आमच्याकडच्या जुन्या गाड्यांना हेच करतात.

फीलरगेज

ठाम असहमत. जाड ऑइलने आवाज दबतो, झीज थांबत नाही. उलट थंड इंजिनला सुरू होताना रॉकरपर्यंत ऑइल उशिरा पोचतं, आणि रॉकर शाफ्टची झीज तिथेच होते. २०डब्ल्यू-५० ठीक आहे, तेच राहू द्या. ऑइलमधल्या झिंक-फॉस्फरसची (झीज रोखणारी द्रव्यं) काळजी असलेल्यांसाठी: नव्या एपीआय (ऑइलची प्रतवारी) दर्जांत फॉस्फरसवर जी वरची मर्यादा आहे ती ३० आणि त्याहून पातळ ग्रेडना लागू होते. ५० ग्रेडला ती नाही. डबीवरचं लिहिलेलं वाचून घ्या, म्हणजे झालं.

ऑइलचा दिवा विझला म्हणून दाब चांगला असंही समजू नका. दिवा अगदी थोड्या दाबाला विझतो. दिव्याच्या स्विचच्या जागी मेकॅनिकल मीटर लावा. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलिंगला १५ पौंडांच्या आसपास आणि गाडी चालवताना ४०-५० पौंड मिळाले तर बेरिंगांबद्दल निश्चिंत राहा. चालवताना २५ च्या खाली असेल तर मात्र चेंबर उतरवायला हरकत नाही.

गॅरेज_सातारा

मीटरचं मान्य. ॲडिटिव्हचं म्हणाल तर विकायला काढलेल्या गाडीत घालतात, हे खरं. म्हणून जुनी गाडी घेताना आधी ऑइल बदलायला लावा आणि मग आवाज ऐका.

निळी पद्मिनी

फियाटवाल्यांसाठी, म्हणजे प्रीमियर पद्मिनीसाठी दोन शब्द. १०८९ सीसीचं इंजिन पण पुशरॉडचंच (कॅमची हालचाल रॉकरपर्यंत नेणारा दांडा), फायरिंग ऑर्डरही १-३-४-२. त्यामुळे वरच्या सगळ्या चाचण्या लागू पडतात. टॅपेटचा गॅप मात्र वेगळा आहे, अॅम्बॅसेडरचा पंधरा थाऊ तिथे लावू नका. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. इंजिन तापून हेड वाकलं की दोन सिलिंडरांच्या मधलं पॅकिंग फुंकतं. तेव्हा येणारी "फुस-फुस" टॅपेटसारखी वाटते. ओळखायची खूण म्हणजे शेजारच्या दोन्ही सिलिंडरांचं कम्प्रेशन एकदम पडलेलं असतं.

टॅक्सी बंद झाल्यापासून पार्ट्सचं कठीण झालंय. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तोपर्यंत रोजचा खप असल्याने दुकानं माल ठेवत होती. आता ऑपेरा हाऊस, कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे हिंडून मिळेल ते घ्यावं लागतं.

चिंचगूळ

पुण्यात नाना पेठ. जुना पार्ट सोबत न्या, नुसतं नाव सांगून चुकीचा मिळतो.

घाटवाट

मूळ प्रश्नाकडे. डाव्या बाजूची टिकटिक म्हटल्यावर मॅनिफोल्ड राहून गेलं की! या इंजिनला कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डावीकडे. पॅकिंग जळलं की आयडलिंगला टॅपेटसारखीच टिकटिक येते. फरक असा की ती लोडवर वाढते, आणि थंड इंजिनवर जास्त असते, लोखंड तापून पसरलं की फट थोडी बुजते. पॅकिंगच्या कडेला काळी काजळी दिसेल. मदतनिसाला सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर धरायला सांगा, गळती असेल तर तिथली फुसफुस एकदम वाढते. हातभर रबरी नळी कानाला लावून दुसरं टोक फटीवरून फिरवलं तर नक्की जागा सापडते.

इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारी-शेजारी, आणि दोघांना मिळून एकच जाड वॉशर आणि नट. दोन्हींच्या कडांची जाडी सारखी नसेल तर वॉशर एकीलाच दाबतो, दुसरी सैल राहते. नवं पॅकिंग टाकूनही पुन्हा गळतं ते यामुळे.

रस्त्याचा राजा

लोडवर वाढत नाही हे लिहिलंच आहे, तरी नळी फिरवून बघितली. गळती नाही, काजळी नाही. प्लग एकेक करून शॉर्ट केले, टिकटिकीत काडीचा फरक नाही. मीटर जोडला: गरम आयडलिंगला १८, चालवताना ४५ पौंड.

फीलरगेज

उत्तम आकडे. तळाचं इंजिन निरोगी आहे. हाफ इंजिन रद्द.

टायमिंग लाइट असेल तर आणखी एक खात्री होते. पहिल्या प्लगच्या केबलला लावलेला लाइट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. कॅमशाफ्टही दोन फेऱ्यांत एकदा फिरतो. ८०० आरपीएमला मिनिटाला ४०० चमका. आवाज चमकेबरोबर एकास एक पडला तर कॅम, टॅपेट, रॉकर यांपैकी काहीतरी. चमकेच्या दुप्पट पडला तर क्रँक, रॉड, पिस्टन.

घाटवाट

इथे एक मेख आहे. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बरोबर एका क्रँकफेरीच्या अंतराने उघडतात. दोन्ही टॅपेट सैल असतील तर आवाज चमकेच्या दुप्पट पडेल आणि तुम्ही क्रँक खोलायला घ्याल.

फीलरगेज

मुद्दा बरोबर. म्हणून लाइट एकटा पुरावा धरायचा नाही, प्लग शॉर्टची चाचणी सोबत हवी. इथे ती झालेली आहे.

मिडलँड्सकर

इंग्लंडमधून लिहितोय. हे मूळ बीएमसीचं बी-सिरीज इंजिन, इथे एमजीए, मॅग्नेट, मॉरिस ऑक्सफर्ड या गाड्यांत होतं. त्यामुळे रॉकर, शाफ्ट, बुश, टॅपेट इथे अजून नवे बनतात. मागवण्याआधी व्हर्नियरने माप घ्या आणि कळवा. उत्तरपाऱ्याला, हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात, इतकी वर्षं बनलेल्या इंजिनांत बारीक फरक असू शकतात.

आता रॉकर कव्हर काढून, इंजिन अगदी हळू आयडलिंगवर ठेवून, फीलरची (गॅप मोजायची) पात एकेका रॉकरच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सरकवा. ज्या ठिकाणी पात गेल्यावर टिकटिक थांबते, तो तुमचा व्हॉल्व्ह. ऑइल थोडं उडेल, मॅनिफोल्डवर फडकं टाकू नका, पेट घेईल; पत्रा आडवा लावा. कुठेच थांबली नाही तर टॅपेट (इथे पुशरॉडखालचा, कॅमवर टेकलेला भाग) किंवा कॅमचा लोब (त्याला उचलणारा उंचवटा).

ज्यांच्या गाडीला मेकॅनिकल फ्युएल पंप आहे त्यांनी त्याचा दांडाही ऐकून घ्यावा, तो कॅमवरच चालतो. एस.यू.चा इलेक्ट्रिक पंप असेल तर इंजिन बंद ठेवून नुसता स्विच ऑन करा, त्याची टिकटिक तेव्हाच ओळखता येते.

रस्त्याचा राजा

सापडला! पुढून दुसरा. पात घातली की शांत, काढली की टिकटिक. पण इंजिन थंड करून गॅप मोजला तर पंधराची पात बरोबर घट्ट जाते. मग आवाज का?

पुशरॉड

कारण पात खोटं सांगतेय. रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांड्याने खळगा पाडला असेल. पात सपाट, ती खळग्याच्या दोन कडांवर टेकते. व्हॉल्व्हचा दांडा खळग्याच्या तळापर्यंत जातो. पातीला पंधरा मिळाले तरी खरा गॅप पंचवीस असू शकतो. रॉकर बोटाने वर उचलून टोकाला नख फिरवा, कड लागेल.

दुसरी झीज शाफ्टला. व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि पुशरॉड दोन्ही रॉकरला वर ढकलतात, म्हणून शाफ्ट फक्त खालच्या अंगाने झिजतो. वरून बघितला तर चकचकीत नवा दिसतो. रॉकर धरून आडवा हलवा. शाफ्टच्या लांबीच्या दिशेने थोडा सरकला तर चालेल, पण वर-खाली हलला तर बुश गेलं.

गॅप कमी करून आवाज दाबू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकला तरच त्याची उष्णता हेडमध्ये जाते. घट्ट टॅपेटचा व्हॉल्व्ह गुपचूप जळतो. थोडा वाजणारा टॅपेट परवडला.

वाटसरू

टॅपेट कोणता केव्हा सेट करायचा ते पण सांगा ना कुणीतरी. मी नवशिका.

फीलरगेज

नऊची बेरीज. व्हॉल्व्ह पुढून मागे १ ते ८ मोजा. १, ४, ५, ८ एक्झॉस्ट आणि २, ३, ६, ७ इनलेट. जो सेट करायचा त्याचा आकडा नवातून वजा करा, येणाऱ्या आकड्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना तो सेट करा. म्हणजे १ ला ८ उघडा, २ ला ७ उघडा, ३ ला ६, असं. चारही प्लग काढून हँडलने इंजिन फिरवलं तर सोपं जातं. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पात पुन्हा घालून बघायची. पात ओढताना किंचित अडली पाहिजे.

रस्त्याचा राजा

खळगा आहे, नखाला स्पष्ट लागतो. सहाव्यालाही थोडा आहे. रॉकर शाफ्ट काढतोय. शाफ्टला धरणाऱ्या खांबांचे नट सोडले की बाहेर येईल ना?

मिडलँड्सकर

थांबा!! आधी रेडिएटरचं पाणी सोडा.

प्रत्येक खांबाला दोन नट आहेत, त्यातला मोठा नट हेडच्याच स्टडचा आहे. नुसते खांबांचे चार सोडले तर हेड एका बाजूने मोकळं आणि दुसऱ्या बाजूने आवळलेलं राहतं. हेड वाकतं, पॅकिंगमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून हेडचे सगळे ११ नट मॅन्युअलच्या क्रमाने, एका वेळी थोडे थोडे, ढिले करायचे. बसवतानाही तोच क्रम, टॉर्क पान्याने, तीन टप्प्यांत.

पॅकिंग जुनं असेल तर नवं हाताशी आणून ठेवा. एकदा ढिलं केलेलं जुनं पॅकिंग पुन्हा पाणी धरेलच असं नाही.

घाटवाट

+१. ही सूचना मोठ्या अक्षरात वर टाका, संपादक.

पुशरॉड काढताना सरळ वर ओढू नका. ऑइलमुळे तळाशी टॅपेट चिकटून वर येतो आणि जागेवरून सुटून आत आडवा पडतो. आधी पुशरॉड गोल फिरवायचा, बाजूला किंचित हलवायचा, मग उचलायचा. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा, ज्याचा त्यालाच परत गेला पाहिजे. काचेवर लोळवून बघा, वाकलेला लगेच लंगडतो. टॅपेट पडलाच तर डावीकडे मॅनिफोल्डच्या मागे दोन झाकणं आहेत, ती उघडून हात जातो.

गॅरेज_सातारा

खळगा दगडावर घासून सपाट करता येतो. नवा रॉकर कशाला?

पुशरॉड

टोकाला वरचाच थर कडक केलेला असतो. खळगा नुसता नखाला लागण्याइतका असेल तर ऑइलस्टोनवर मूळ गोलाई सांभाळून कडा मारणं चालतं. त्याहून खोल असेल तर घासल्यावर मऊ लोखंड उघडं पडतं आणि काही महिन्यांत पुन्हा तीच टिकटिक. दुसऱ्याचा बदला, सहाव्याचा बघून ठरवा. व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोकही बघा. ते ठेचलेलं असेल तर नवा रॉकरही तसाच खराब होईल.

बुश नवं बसवलं तर त्याचं ऑइलचं भोक रॉकरच्या भोकाशी जुळतंय याची खात्री करा. नुसतं दाबून बसवलेलं बुश शाफ्टवर जात नाही, रीमरने मापात आणावं लागतं. नीट बसलेला रॉकर शाफ्टवर स्वतःच्या वजनाने हळू खाली कलतो, अडकत नाही आणि खुळखुळत नाही. शाफ्टच्या टोकाचा स्क्रू प्लग काढून आतला काळा गाळ तारेने आणि रॉकेलने साफ करा. बुश अवेळी गेली ती बहुधा त्या गाळाने वाट अडवल्यामुळे.

निळी पद्मिनी

एक अवांतर: पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून चढावर "टिर्रर" असा आवाज येतो, तो इंजिन बिघडल्याचा का?

फीलरगेज

चढावर, कमी आरपीएमला, जास्त ॲक्सिलरेटर दिल्यावर येणारी टिरटिर म्हणजे पिंकिंग, मिक्श्चर अवेळी पेटण्याचा आवाज. डिस्ट्रिब्युटर दोन अंश मागे फिरवून बघा, गेली तर वेळेचा प्रश्न. मुळात इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, पिंकिंग वाढायला नको. पण मिक्श्चर पातळ पडतं, आणि पातळ मिक्श्चरवर इंजिन तापतं. जेट तपासा. डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा ताणून सैल झाल्या असतील तर ॲडव्हान्स लवकर येतो, त्याही बघा. आणि जुने रबरी पेट्रोल पाइप व पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलने मऊ होतात, ते आवाजापेक्षा आधी बदला.

रस्त्याचा राजा

शाफ्ट बाहेर काढला. खालून दुसऱ्या रॉकरच्या जागी स्पष्ट पायरी आहे, व्हर्नियरने चार थाऊ. शाफ्ट, दोन रॉकर आणि सगळी बुशं मागवतोय. मिडलँड्सकर, मापं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहेत. कॅमचा लोब गेला नाही ना, हे आत्ताच कळेल का?

मिडलँड्सकर

मापं मिळाली, जुळतात.

कॅम आत्ता कळेल. हेडचे नट ढिले आहेत म्हणून इंजिन फिरवण्याआधी ते परत आवळून घ्या. मग आठही पुशरॉड जागेवर ठेवून एकेकाच्या टोकावर डायल गेज लावा, हँडलने इंजिन दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि प्रत्येकाची उचल लिहून काढा. चार इनलेट एकमेकांशी आणि चार एक्झॉस्ट एकमेकांशी जुळले पाहिजेत. एखादा दहा थाऊने कमी उचलत असेल तर तो लोब किंवा त्याचा टॅपेट गेला. मग झाकणातून टॅपेट काढून त्याचा तळ बघा. तळ गुळगुळीत हवा. टोचल्यासारखे खड्डे किंवा मधोमध खोलगट झीज दिसली तर कॅम आणि टॅपेट दोन्ही एकत्रच बदलायचे.

पुशरॉड

जोडणी झाल्यावर लगेच स्टार्ट करू नका. प्लग काढून ठेवा, रॉकर कव्हर उघडंच ठेवा आणि स्टार्टरने थोडं थोडं फिरवत राहा, मध्ये मध्ये स्टार्टरला विश्रांती द्या. आठही रॉकरमधून ऑइल पाझरताना दिसलं की मग प्लग लावा. एकदा गरम करून पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे नट टॉर्कला पुन्हा तपासा, आणि त्यानंतर टॅपेट परत सेट करा. हेड दबलं की गॅप कमी होतो, त्यामुळे आधी सेट केलेला पंधरा तेव्हा तेरा-चौदा निघेल.